शेवटचा दगड आणि रानड्यांची दाढी

वस्तऱ्याला धार लावणं आणि वस्तरा माणसाच्या गालाला लायक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम आमच्या चिकपेटेतल्या दुकानात कोणीही करू शकत असे. दुसरं काम दुकानातला एकच दगड करत असे. तो संपला तेव्हा काय झालं, एवढंच इथे सांगायचं आहे.

दुकान आजोबांनी काढलेलं. आमचं घराणं बंगळुरात इतकं मुरलेलं की घरातल्या मराठीत निम्मे शब्द कन्नड असत आणि पुण्याचे पाहुणे हसत. मी आधी काही वर्षं एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, उजवा हात थरथरू लागला तेव्हा नोकरी सोडून दुकानात बसलो. बातमीतली विशेषणं खोडण्याची आणि पुढचा प्रश्न विचारण्याची सवय तिथून आणलेली. ती उपयोगी पडली. गिऱ्हाईक म्हणे, "वस्तरा बरा नाही." मी विचारत असे, "बरा नाही म्हणजे काय? ओढतो की जाळतो?"

या धंद्यातल्या सगळ्या तक्रारी या दोन शब्दांत येतात. बोथट वस्तरा केस कापण्याऐवजी ओढतो. जाळणारा वस्तरा मात्र बोथट नसतो. तो केस सफाईने उडवतो, पण केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही नेतो. दाढी झाल्यावर गाल गुळगुळीत लागतो आणि तासाभराने पेटतो. ओढणारा वस्तरा दुरुस्त करणं सोपं असतं. जाळणाऱ्याचं औषध शेवटच्या दगडात असतं.

दगड तीन लागतात. पहिल्या खरखरीत दगडावर धारेचे दाते आणि खाचा जातात. दुसऱ्यावर पहिल्याचे ओरखडे जातात. तिसऱ्यावर काय जातं ते डोळ्यांना दिसत नाही. वस्तरा तिसऱ्यावर चढण्याआधी आणि उतरल्यानंतर सारखाच दिसतो. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारायचे आणि वस्तरा मिटायचा. बाहेरचा माणूस हे काम पाहून म्हणतो की शेवटी हा नुसता दगडाला वस्तरा दाखवतो. तसं पाहिलं तर खरंच आहे.

गिऱ्हाइकं बहुतेक न्हावी. बाकीचे अधूनमधून. बसवनगुडीचे एक निवृत्त मास्तर वस्तरा रेशमी सोवळ्याच्या तुकड्यात गुंडाळून आणत आणि धार लागेपर्यंत उभे राहत. त्यांना शंका होती की आम्ही पातं बदलू. एका शिंप्याला टाके उसवायला वस्तरा हवा असे. एकदा एक बाई विळी घेऊन आल्या. आप्पांनी सांगितलं, इथे फक्त माणसांची कामं होतात. बाई म्हणाल्या, "मग भाजी कोण खातं?" आप्पांनी विळीला धार लावून दिली.

तिसरा दगड विलायती होता. पिवळसर, साबणाच्या वडीसारखा, खाली काळ्या पाटीची पाठ चिकटवलेली. आजोबांनी तो छावणीतल्या एका गोऱ्या पलटणीच्या न्हाव्याकडून घेतला होता. माझ्या वेळेपर्यंत पिवळा थर इतका पातळ झाला की मध्ये काळी पाठ दिसू लागली. त्या काळ्या ठिपक्यावरून पातं गेलं की धारेला चरा पडे. परदेशी मालाची आयात तेव्हा जवळपास बंद होती. छावणीतल्या दुकानदारांना विचारलं. ते म्हणाले, दगडासाठी परवाना मागायला गेलो तर सरकार आमच्या डोक्यात दगड घालेल.

याच सुमाराला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, हनुमंतण्णांवर वेळ आली.

हनुमंतण्णा आमचे सर्वांत जुने न्हावी. बसवनगुडीत त्यांची दोन खुर्च्यांची केशकर्तनाची जागा होती. ती इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि मालकाने नव्या इमारतीत सलून नको म्हणून सांगितलं. हनुमंतण्णांना दुसरीकडे जागा मिळेना. कोलारकडच्या गावी थोडी शेती भावाच्या ताब्यात होती. तिथे जाऊन भावाच्या हाताखाली राहायचं, एवढाच मार्ग उरला होता.

मग कळलं की एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या नव्या वसाहतीत सलूनसाठी एक गाळा ठेवला आहे. हनुमंतण्णा अर्ज देऊन आले ते थेट आमच्या दुकानात.

"स्वामी, गाळा आहे," ते म्हणाले. चिकपेटेत आमच्या दुकानात बसून बसून ते आमच्यासारखंच मराठी बोलू लागले होते. "पण वस्तरा आगल्ला म्हणतात. चालणार नाही. कमिटीने ठरवलंय, उघडा वस्तरा वसाहतीत येणार नाही. सेफ्टी रेझरने दाढी करा म्हणे."

"मग करा की सेफ्टीने," आप्पा म्हणाले.

"आप्पा, सेफ्टीने ते घरीच करतात. माझ्याकडे कशाला येतील? माझं तोंड पाहायला?"

समितीचे प्रमुख रानडे नावाचे अभियंते होते. पुण्याहून येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. जयनगरात भाड्याने राहत. हनुमंतण्णांच्या आग्रहावरून मी त्यांना भेटायला गेलो, कारण मी मराठी होतो आणि टाय बांधत असे.

रानडे शांत, सरळ माणूस होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वसाहतीत आधी फिरता न्हावी येई. त्याच्या वस्तऱ्याने बऱ्याच जणांच्या हनुवटीवर फोड आले होते. त्यांत एकदा तिथेच दाढी करवून घेतलेले रानडेही होते. त्यांची दाढी राठ आणि कातडी नाजूक. धंद्यात याहून वाईट जोडी नाही.

"मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही," ते म्हणाले. "पण मी इंजिनियर आहे. वस्तरा चांगला आहे हे तुम्ही सांगून मी मानणार नाही. दिल्लीचा दौरा आटोपून मी महिन्याने परत येतोय. तुमच्या माणसाला म्हणावं, माझी दाढी कर. एकदा नाही, रोज, आठवडाभर. एकदा काय, कोणीही करेल. माझ्या तोंडावर पुळी उठली नाही तर मी समितीत स्वतः सांगेन की वस्तरा येऊ द्या."

"आणि उठली तर?"

"तर मी सेफ्टी वापरतोच आहे."

आतून रानडेवहिनींचा आवाज आला, "अहो, आठवडाभर रोज दाढी करणार? मग मला आधी कळवा, मी फोटो काढून ठेवते."

मी परत येऊन अट सांगितली. रोजची दाढी म्हणजे कातडीला सावरायला वेळ नाही. जाळणारा वस्तरा पहिल्या दिवशी खपून जातो, तिसऱ्या दिवशी उघडा पडतो. आमचा पिवळा दगड आता त्या कामाचा राहिला नव्हता. महिन्याच्या आत शेवटचा दगड शोधायचा होता, नाहीतर हनुमंतण्णांना गावी जायचं होतं.

दगड निवडायचा कसा, हे आप्पांना नीट माहीत होतं, पण त्यांना तो कधी निवडावा लागला नव्हता. त्यांनी सांगितलेल्या कसोट्या अशा: दगड ओला करायचा आणि शिवणाची सुई त्यावरून हलक्या हाताने फिरवायची. कुठेही अडखळली तर आत वाळूचा कण आहे, दगड फेकायचा. मग वर पाणी ओतून ठेवायचं. पाणी पिणारा दगड भुसभुशीत. मग जुना, टाकाऊ वस्तरा फिरवायचा आणि हाताला काय लागतं ते बघायचं. शेवटची कसोटी गालावर, आणि गालावरची खरी कसोटी तुरटी. दाढीनंतर ओली तुरटी फिरवली आणि माणूस ओरडला नाही, म्हणजे कातडी शाबूत आहे.

पहिला उमेदवार मूर्तिकाराकडचा काळा दगड. देवाच्या मूर्तीसाठी वापरतात तो. काचेसारखा गुळगुळीत. सुई कुठेच अडखळली नाही. वस्तरा त्यावर तासभर फिरवला आणि काहीच झालं नाही. धार चकाकली, एवढंच. गुळगुळीत असणं आणि बारीक कापणं यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमच्या सगळ्या धंद्याचा समज उलटा होता. प्रत्येक न्हावी दगडावर बोट फिरवून "वा, लोणी!" म्हणत असे आणि तेवढ्यावर दगड घेत असे.

दुसरा, सराफाची कसोटी. ज्या काळ्या दगडावर सोनं घासून पाहतात तो. ओळखीचे सराफ आधी ऐकेचनात. त्यांच्या घरी कसोटीची पूजा होते. "तुमच्या वस्तऱ्याला लागलेला साबण माझ्या कसोटीला लागला तर उद्या मी गिऱ्हाइकाला काय सांगू, सोनं फेसाळतंय?" असं म्हणून शेवटी एक जुनी, कोपरा उडालेली कसोटी दिली. तिच्यावर धार आली, आणि भयंकर आली. उभा धरलेला केस नुसता टेकताच तुटत होता. आप्पा सुद्धा खूश झाले. हनुमंतण्णांनी स्वतःच्या गालावर एक हात मारला आणि तुरटी लावली. ते जे ओरडले ते ऐकून शेजारचा पितळेच्या भांड्यांचा दुकानदार धावत आला.

"जाळतो," हनुमंतण्णा डोळे पुसत म्हणाले. "सरी, ठीक, केस तोडतो, पण मला पण तोडतो."

तो दिवस वाईट गेला. संध्याकाळी जाताना ते म्हणाले, "भावाला लिहू का स्वामी, मी येतो म्हणून?" आप्पांनी त्यांना दटावलं.

तिसरा उमेदवार शोधून सापडला नाही, कामाला गेलो तिथे दिसला. छावणीत बिलियर्डची टेबलं दुरुस्त करणारी एक कार्यशाळा होती. तिथल्या रंध्यांची पाती आमच्याकडे धारेला येत. ती पोचवायला गेलो होतो. बिलियर्डच्या टेबलावरच्या हिरव्या कापडाखाली लाकूड असतं असं मला वाटे. नसतं. तिथे जाड दगडी फरशी असते, शाळेच्या पाटीच्या जातीची, पण चांगली बोटभर जाड आणि इतकी सपाट की चेंडू आपणहून कुठेही कलत नाही. इंग्रजांच्या काळात आलेलं एक टेबल गोदामात पडून फुटलं होतं. त्याच्या फरशीच्या तुकड्यावर सेल्वराज मेस्त्री आपली पटाशी हलकेच फिरवत होते.

मी पटाशी मागून घेतली आणि हाताच्या लवेवर लावून पाहिली. लव गेली. खाली कातडी लाल झाली नव्हती.

"याचा एक तुकडा द्याल?"

मेस्त्री म्हणाले, "घे ना. पण यावर खेळायचं असेल तर चेंडू फार लहान लागेल."

वीटभर आकाराचा तुकडा घेऊन आलो. करडा रंग, उजेडात धरला की जांभळट. सुई अडखळली नाही. पाणी प्यायला नाही. आप्पांनी तो हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरोबर वाटतो." मग आम्ही त्यावर वस्तरा चढवला आणि काही जमेना. पातं दगडावर नुसतं तरंगत होतं.

इथे आमची पद्धत सांगायला हवी. आमच्या दुकानात तिसऱ्या दगडावर खोबरेल तेल घालत. आजोबांपासून. चिकपेटेतले सगळे न्हावी तेच करत, कारण न्हाव्याच्या हाताशी खोबरेल सदैव असतं. या दगडावर आम्ही तेच घातलं. दोन दिवस वाया गेले. मग तेल सोडून, दगड वाळूवर घासून साफ केला आणि नुसतं पाणी घेतलं. आता पातं दगडाला चिकटत होतं, पण कापत नव्हतं. आप्पा म्हणाले, "तेलाविना दगड कसा चालेल?" मी म्हणालो, तेलानेही चालला नाही. आवाज चढले.

दुकानाच्या मागे घर होतं. माझी थोरली बहीण, अक्का, पूजेची तयारी करत होती. ती हातातली सहाण घेऊनच दारात आली.

"तम्मा, काय चाललंय? सगळी पेट ऐकतेय."

मी सांगितलं.

"देवाचं गंध उगाळताना मी सहाणेवर तेल ओतते का?"

"हे गंध नव्हे अक्का."

"दगडच ना? चंदनाचं खोड घासल्याशिवाय सहाण काय देणार? आधी चार थेंब, दाट उगाळायचं. मग थेंब थेंब पाणी, पातळ करत न्यायचं. तू नुसतं पाणी दाखवतोस आणि दगडाने गंध द्यावं म्हणतोस."

आप्पा माझ्याकडे वळले. "हिला दुकानात बसवू या. तू जा परत पेपरात."

पण ते हसत नव्हते. ते त्या फरशीचा कोपरा पाहत होते. त्यांनी हातोडीने तिथून अंगठ्याएवढी कपची पाडली, चार थेंब पाणी टाकलं आणि ती कपची फरशीवर गोल गोल घासू लागले. या कामाला हाताचा कंप आड येत नव्हता. पाण्यात करडा चिखल झाला, गंधासारखाच दाट. मग म्हणाले, "आता तू."

चिखलात पातं पहिल्यांदा बोललं. बारीक, सलग आवाज. थोड्या वेळाने एक थेंब पाणी, आणखी काही हात, पुन्हा थेंब. चिखल पातळ होत गेला तसा आवाज उतरत गेला. शेवटी दगडावर स्वच्छ पाणी उरलं आणि मी हात जवळजवळ काढून घेतला. पात्याचं स्वतःचं वजन तेवढं फिरत होतं. त्याचं कारण पुढे समजलं: चिखलातले कण आधी कापतात, पाणी वाढलं की कमी कमी कापतात, आणि शेवटी दगड स्वतः धारेला हलकेच निववतो. एकच दगड, चिखल दाट असताना दुसऱ्याचं काम करतो आणि पातळ असताना तिसऱ्याचं.

हनुमंतण्णांना बोलावलं. आप्पा स्वतः खुर्चीत बसले. म्हाताऱ्या माणसाची सैल, सुरकुतलेली कातडी ही न्हाव्याची परीक्षा असते. हनुमंतण्णांनी पूर्ण दाढी केली, उलट्या हाताने, म्हणजे केसांच्या विरुद्ध सुद्धा, आणि तुरटी घेतली.

"लावू?"

"लाव."

लावली. हनुमंतण्णांनी पुन्हा लावली.

"अरे, लाव की," आप्पा म्हणाले.

"दोनदा लावली आप्पा."

हनुमंतण्णांनी वस्तरा मिटला, कपाळाला लावला आणि मोठ्याने हसले. त्या दुकानात मी इतक्या मोठ्याने कोणाला हसताना ऐकलं नव्हतं. अक्काने सगळ्यांना कॉफी दिली आणि विचारलं, "झालं का गंध?"

पुढे त्याच फुटक्या टेबलाचे तुकडे बसवनगुडीपासून मल्लेश्वरापर्यंतच्या सलूनांत गेले. आम्ही ते कापून, लाकडी पाटावर बसवून, बरोबर एक कपची देत असू. वापरायचं कसं हे सांगावं लागे, आणि प्रत्येक जण पहिल्यांदा खोबरेल घालून परत येई. चांगली वर्षं होती. नंतर बदलत्या पात्याचे वस्तरे आले. ते धार लावायचे नसतात, फेकायचे असतात. दुकानात आज माझा पुतण्या कात्र्यांना धार लावतो. वस्तरा कोणी आणत नाही. याची खंत आहे. पण ती या हकिकतीत नाही.

ठरल्याप्रमाणे महिन्याने रानडे दिल्लीहून परतले. त्यांच्या जयनगरच्या घराच्या व्हरांड्यात, सकाळी, गरम पाण्याच्या तांब्याशेजारी खुर्ची मांडली. पहिल्या दिवशी मी गेलो होतो. रानडे खुर्चीत असे बसले जसे दात काढायला बसतात. दाढी झाली. तुरटी लावली. त्यांनी गालावरून हात फिरवला, दुसऱ्या गालावरून फिरवला, आणि आत जाऊन भिंग घेऊन आले. आरशात भिंगाने स्वतःकडे पाहत राहिले.

हनुमंतण्णा रोज दाढी करून येत, वस्तरा दुकानात देत, मी तो दगडावर पुन्हा निववून देई. आठवड्याच्या मध्यावर ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"पुळी," ते म्हणाले. "हनुवटीच्या खाली. लाल."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. रानडे खुर्चीत बसलेले, मान वर केलेली, हातात भिंग. लाल ठिपका होता. रानडे म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण हे..."

रानडेवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, ते काय पाहताय?"

"फोड आलाय."

"फोड? काल मच्छरदाणी न लावता झोपलात. कानामागे बघा, तिथे दोन आहेत. कानामागे दाढी करवून घेतली का?"

हनुमंतण्णांनी अदबीने कान पुढे वाकवून पाहिला. "दोन आहेत, साहेब."

"डास," वहिनी म्हणाल्या. "जयनगरचे. त्यांना लायसन्स लागत नाही."

रानडे भिंग खाली ठेवून हसले. "करा," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत ठिपका बसून गेला.

शेवटच्या सकाळी आप्पांनाही यायचं होतं. मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. हनुमंतण्णांनी फेस केला, वस्तरा पट्ट्यावर मारला आणि सुरुवात केली. राठ केसांतून पातं जात होतं तो आवाज पायरीपर्यंत ऐकू येत होता, कोणी बारीक वाळू चाळावी तसा. आप्पा मान किंचित हलवत होते. गळा झाला, उलटा हात झाला, ओठाखालची अवघड जागा झाली. तुरटी फिरली.

रानडे डोळे मिटून होते.

"साहेब, झाली."

"तुरटी?"

"लावली."

रानड्यांनी डोळे उघडले, पण उठले नाहीत. शर्टाच्या खिशात हात घालून त्यांनी एक किल्ली काढली. नवीन, पितळेची, तिला दोऱ्याने वसाहतीच्या गाळ्याचा क्रमांक बांधलेला.

वहिनी म्हणाल्या, "ही तर मंगळवारपासून तुमच्या खिशात आहे! मी शर्ट धुवायला टाकताना काढून ठेवली होती."

"डासांचं कळलं त्याच दिवशी, मंगळवारीच, समितीने मान्य केलं," रानडे म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर हे दुसऱ्या दिवशी आले असते का?" त्यांनी गालावरून हात फिरवला. "मी आठवडा ठरवला होता. आठवडा घेतला."

किल्ली त्यांनी पुढे केली. हनुमंतण्णांच्या हाताला फेस होता.

"स्वल्प थांबा, साहेब," ते म्हणाले.

त्यांनी आधी वस्तरा पुसला, उलटा, सुलटा, मग मिटून पेटीत ठेवला. मग हात पुसले. मग किल्ली घेतली.